मल्टिपल स्क्लेरोसिसच्या स्वव्यवस्थापनाची मोबाइल ॲप्स

मल्टिपल स्क्लेरोसिस, संक्षेपाने एमएस, हा मज्जासंस्थेचा दीर्घकाळ चालणारा आजार. लक्षणे, थकवा, चालणे, दृष्टी आणि औषधांच्या वेळा यांची नोंद रुग्णाने स्वतः ठेवावी आणि काही ठरावीक चाचण्या घरच्या घरी करून पाहाव्यात, यासाठी बनवलेली ही फोनवरील ॲप्स. ती रोगनिदान करत नाहीत आणि उपचारही ठरवत नाहीत. डॉक्टरांच्या दोन भेटींमधले तीन-चार महिने एरवी कोणाच्याच नजरेत नसतात. ते कागदावर, म्हणजे पडद्यावर, आणणे एवढेच त्यांचे काम. प्रस्तुत नोंदीत तंजावरचा विचार मुद्दाम केला आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातला उकाडा, तज्ज्ञापर्यंतचे अंतर आणि घरात मराठी, बाजारात तमिळ, फोनवर इंग्रजी असा तिथला रिवाज, या तिन्हींपुढे परदेशी घडणीच्या ॲपचा कस लागतो.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टिचेता यांतील तंतूंवरच्या मायलिन या वेष्टनावर हल्ला करते. वेष्टन झिजले की संदेश मंदावतात किंवा वाटेतच अडतात. फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ झां मार्तें शार्को यांनी १८६८ मध्ये या रोगाचे पद्धतशीर वर्णन केले. आजार बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो आणि स्त्रियांमध्ये पुरुषांच्या दुपटीहून अधिक आढळतो. २०२० च्या जागतिक पाहणीनुसार जगात सुमारे २८ लाख लोकांना तो आहे. भारतात तो अगदी विरळ, अशी समजूत बराच काळ होती. मुंबईचे नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये पारशी समाजात तो लक्षणीय प्रमाणात असल्याचे दाखवले. पुढे मंगळूर शहरातील पाहणीत लाखामागे सुमारे आठ रुग्ण आढळले. एमआरआय यंत्रे जशी वाढली तसे निदानही वाढले.

बहुतेकांमध्ये आजार झटक्यांनी येतो: एका डोळ्याने अंधुक दिसू लागते, कमरेखाली मुंग्या येतात, हात जड होतो आणि काही आठवड्यांनी बरेचसे पूर्ववत होते. नवे किंवा बळावलेले लक्षण किमान २४ तास टिकले आणि त्यामागे ताप वा जंतुसंसर्ग नसला, तरच त्याला झटका म्हणायचे, असा वैद्यकीय दंडक आहे. स्टेरॉइड द्यायचे की नाही, चालू औषध बदलायचे की नाही, हे यावर ठरते. म्हणूनच ‘मागच्या महिन्यात कधीतरी दोन दिवस पाय ओढत होता’ या आठवणीचा डॉक्टरला फारसा उपयोग होत नाही. लक्षण कोणत्या तारखेला सुरू झाले, किती तास टिकले, ताप होता का, लघवीला जळजळ होती का, हे त्याला हवे असते. रुग्ण मात्र केबिनमध्ये शिरला की ‘बरं आहे’ म्हणून मोकळा होतो. हा अनुभव कोणत्याही बाह्यरुग्ण विभागात येतो.

ॲप्सचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला दैनंदिनीचा: थकवा, वेदना, झोप, मूत्राशयाच्या तक्रारी, मनःस्थिती यांना रोज शून्य ते दहा असे गुण द्यायचे, औषधाची आठवण लावायची आणि भेटीआधी त्याचा आलेख काढायचा. अमेरिकेतील रुग्णसंस्थेचे ‘माय एमएस मॅनेजर’ आणि बेल्जियममधील ‘आयकंपॅनियन’ ही या वर्गातली. दुसरा वर्ग मोजमापाचा. त्यात फोनच्या आतले संवेदक आणि स्पर्शपटल हेच उपकरण बनतात.

रोश या औषध कंपनीचे ‘फ्लडलाइट’ हे या दुसऱ्या वर्गातले सर्वांत गाजलेले. त्यातल्या चाचण्या पाहण्यासारख्या आहेत. पडद्यावर टोमॅटो उमटतो. अंगठा आणि दुसरे बोट यांच्या चिमटीत तो पिळायचा, की दुसऱ्या जागी नवा उमटतो. अर्ध्या मिनिटात जमतील तितके पिळायचे. त्यावरून बोटांची पकड आणि दोन बोटांचा मेळ कळतो. दुसऱ्या चाचणीत बोटाने चौकोन, वर्तुळ, इंग्रजी आठ आणि नागमोडी फिरकी गिरवायची. तिसरीत चिन्ह आणि अंक यांची जोडी लावायची. ही दवाखान्यात दीड मिनिटात घेतल्या जाणाऱ्या कागदी चाचणीची फोनवरची भावंडच. चौथीत फोन खिशात किंवा कमरेच्या पट्ट्यात ठेवून दोन मिनिटे चालायचे. पाचवीत थोड्या अंतरावर पाच वेळा उलट वळायचे, कारण तोल जाण्याची सुरुवात सरळ चालताना नव्हे तर वळताना दिसते. बार्सिलोना आणि सॅन फ्रान्सिस्को येथे ७६ रुग्ण आणि २५ निरोगी व्यक्ती घेऊन २४ आठवडे झालेल्या अभ्यासात या मोजमापांचा दवाखान्यातल्या चाचण्यांशी मेळ बसतो, असे दिसले.

मर्यादाही तिथेच उघड झाल्या. चिन्हांची चाचणी रोज केली की सराव होतो आणि गुण वाढतात. आजार सुधारला असा त्याचा अर्थ नसतो. पहिल्या काही आठवड्यांचे आकडे म्हणून बाजूला ठेवावे लागतात. दुसरी अडचण मनाची. अभ्यासात सहभागी झालेले लोक नेमाने चाचण्या देतात, कारण पलीकडे कोणीतरी वाट पाहत असते. हेच ॲप सर्वांसाठी खुले झाले तेव्हा नाव नोंदवणाऱ्यांपैकी बरेच जण लवकरच गळाले. थकवा हे ज्या आजाराचे मुख्य लक्षण, त्याच्या रुग्णाने रोज पाच चाचण्या द्याव्यात, ही अपेक्षाच जरा टोकाची आहे.

तंजावरच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाचा मुद्दा उष्णतेचा. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवले की अशा रुग्णांची दृष्टी श्रमानंतर तात्पुरती मंदावते. श्रमाने अंग तापते, आणि मायलिन गेलेल्या तंतूला शरीराच्या तापमानातली अर्ध्या अंशाची वाढही अडखळायला पुरते. शरीर थंड झाले की लक्षण जाते. नवा हल्ला झालेला नसतो. मे महिन्यात, ज्याला तिथे अग्निनक्षत्राचे दिवस म्हणतात, दमट उकाड्यात दुपारी दोनला केलेली चालण्याची चाचणी आणि पहाटे पाचला केलेली चाचणी यांची तुलनाच होऊ शकत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या थंड हवेत हा प्रश्न क्वचितच उठत असेल. इथे मात्र खोलीचे तापमान, वेळ, पंखा की वातानुकूलन आणि अंगात ताप, या चार गोष्टी नोंदवण्याची सोय ज्या ॲपमध्ये नाही ते आलेखात खोटा उतार दाखवणार. घाबरलेला रुग्ण तो आलेख घेऊन आकस्मिक विभागात जाणार. उपाय साधा आहे: चाचणी रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी, स्नानानंतर अर्धा तास थांबून करावी, आणि उन्हाळ्यातले आकडे मागच्या उन्हाळ्याशीच ताडावेत.

आजाराची तारीखवार नोंद ठेवण्याला तंजावरात जुना पूर्वज आहे. शरफोजी राजे दुसरे (राज्यकाळ १७९८ ते १८३२) यांनी चालवलेल्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक यांचे उपचार आणि अभ्यास एकत्र होत. तिथल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेल्या आहेत. त्यांत रुग्णाची तक्रार आणि केलेले उपचार लिहिलेले असून सोबत डोळ्याची रंगीत चित्रे आहेत. त्या काळी कॅमेरा नव्हता. चितारी बसवून डोळ्याची अवस्था टिपून ठेवलेली. एमएसचे नावही तेव्हा रूढ नव्हते आणि त्या नोंदींत मोतीबिंदूसारखे बाहेरून दिसणारे विकारच ठळक आहेत. दृष्टिचेतेचा दाह, जो एमएसचे पहिले लक्षण असू शकतो, बाहेरून दिसतच नाही. तरीही त्या कागदांवरून एक गोष्ट शिकता येते. नोंद लिहिणारा आणि ती वाचून उपचार करणारा एकाच छपराखाली होते. आजच्या ॲपचे दुखणे नेमके तिथे आहे: रुग्ण लिहितो आणि वाचायला कोणी नाही.

तंजावरहून चेन्नई रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, तिरुचिरापल्ली तासा-दीड तासावर. एमएसचा सराव असलेला मज्जाविकारतज्ज्ञ गाठायचा म्हणजे बहुधा चेन्नई, वेल्लोर किंवा बंगळूरची वारी. थकलेल्या माणसाला रात्रीच्या गाडीने नेणे हाच एक उपद्व्याप. मार्च २०२० मध्ये केंद्राने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यामुळे पाठपुराव्याच्या भेटी व्हिडिओवर घेणे नियमात बसले. अशा भेटीत डॉक्टरला पायाची ताकद तपासता येत नाही. तिथे तीन महिन्यांचा चालण्याचा आलेख खरोखर कामाला येतो, अट एवढीच की तो आधी पाठवलेला आणि एका पानात मावणारा असावा. चाळीस पानांची पीडीएफ कोणी उघडत नाही. तमिळनाडूत ५ ऑगस्ट २०२१ पासून चालू असलेल्या ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्’ या घरपोच आरोग्ययोजनेत फिजिओथेरपीचाही समावेश आहे. मुख्य रोख मधुमेह आणि रक्तदाबावर असला, तरी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला तिचा आधार मिळू शकतो.

भाषेची अडचण वेगळ्या जातीची. तंजावरी मराठी बोलणाऱ्या अनेक घरांत शिक्षण तमिळ किंवा इंग्रजीतून झालेले. आजी मराठीत बोलते, पण देवनागरी वाचत नाही. पुण्यात तयार झालेले देवनागरी ॲप तिला परके आणि इंग्रजी ॲप तर त्याहून. अशा घरात नातू प्रश्न वाचून दाखवतो आणि आजी उत्तर देते. मग मूत्राशय, बद्धकोष्ठ, लैंगिक अडचण यांविषयीचे रकाने रिकामे राहतात, हे ओघानेच आले. चित्रे, अंकांची पट्टी आणि वाचून दाखवणारा आवाज असलेले ॲप इथे अधिक चालेल.

औषधांच्या आठवणीची सोय सर्वच ॲप्समध्ये असते आणि तीच सर्वाधिक वापरली जाण्याजोगी. ग्लॅटिरामर आठवड्यातून तीनदा टोचायचे असते. दंड, मांडी, पोट, कंबर अशी जागा बदलावी लागते, नाहीतर कातडी खळगते. आज कोणती जागा, हे ॲपमधल्या मानवी आकृतीवर खूण करून लक्षात राहते. अशी टोचायची औषधे २ ते ८ अंश तापमानात ठेवायची असतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये गजा चक्रीवादळाने तंजावर जिल्ह्याच्या पट्टुक्कोट्टै, पेरावुरणी भागात विजेचे खांब आडवे केले आणि अनेक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. अशा वेळी फ्रिजही बंद आणि फोनही. औषधांची नावे, मात्रा, पुढील तारीख आणि डॉक्टरचा क्रमांक लिहिलेला कागद पाकिटात असावा, हा सल्ला म्हणून आजही जुना झालेला नाही. रिटुक्सिमॅबसारखे सहा महिन्यांनी शिरेतून द्यायचे औषध चालू असेल, तर रोजच्या घंटेचा काही उपयोग नसतो. तिथे रक्ततपासणी आणि लसीकरणाच्या तारखा महत्त्वाच्या. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२३ मध्ये एमएससाठी रिटुक्सिमॅब, ग्लॅटिरामर आणि क्लॅड्रिबिन ही तिन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

ॲप कोणाचे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा. अनेक ॲप्स औषध कंपन्यांची आहेत. त्यात गैर काही नाही, मात्र कंपनीने प्रकल्प गुंडाळला की वर्षानुवर्षांची दैनंदिनीही जाऊ शकते. म्हणून नोंदी बाहेर काढून घेण्याची सोय पाहावी. जर्मनीत थकव्यासाठीचा ‘एलेविडा’ हा डिजिटल कार्यक्रम डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतो आणि आरोग्यविमा त्याचे पैसे भरतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय हेतूचे सॉफ्टवेअर उपकरणाच्या व्याख्येत आले आणि २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायदा झाला. नुसत्या दैनंदिनीचे ॲप मात्र ‘आरोग्य आणि जीवनशैली’ या मोघम सदराखाली कोणीही टाकू शकतो.

निदान पक्के झाल्याशिवाय ॲपच्या नादी लागू नये. भारतात एमएससारखाच भासणारा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा विकार वेगळा ओळखावा लागतो, कारण इंटरफेरॉनसारखी एमएसची काही औषधे त्यात उलट अपाय करतात. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या शाखा मुंबई, पुणे, चेन्नई आदी शहरांत आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एमएसचा समावेश २१ दिव्यांगत्वांत केला आहे. त्याचे प्रमाणपत्र मात्र फोनवरच्या आलेखावर नव्हे, सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याच्या तपासणीवर मिळते.