कामाचा ताण आणि वेळेची मालकी

‘कामाचा ताण’ हा शब्दप्रयोग अलीकडे घरोघरी ऐकू येतो. त्यापाठोपाठ ‘आमच्या वाडवडिलांच्या काळी असले काही नव्हते’ हे वाक्यही येते. दोडामार्गाच्या सीमेला टेकलेल्या इब्रामपूरसारख्या पेडण्यातील गावाकडे पाहिले, की ते खरेही वाटू लागते. इतिहास मात्र त्याला दुजोरा देत नाही.

1788 साली पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेला. राज्य बदलले, पण शेतीचे चक्र तेच राहिले. सरद शेती पावसावर, वायंगण साठविलेल्या पाण्यावर. कष्ट अपार होते. तरी दिवसाचा क्रम निसर्ग ठरवी आणि कापणीनंतर विसावा मिळे. अर्थात, हे चित्र भाटकाराच्या पडवीतून दिसणारे आहे. ज्याचे राहते घरच दुसऱ्याच्या भूमीवर उभे होते त्या मुंडकाराला आणि कसलेली जमीन पुढल्या वर्षी आपल्याकडे राहील याची शाश्वती नसलेल्या कुळाला स्वस्थ झोप लागत असेल काय? गोवामुक्तीनंतर 1964 चा कूळ कायदा आणि 1975 चा मुंडकार संरक्षण कायदा करावे लागले, यातच त्याचे उत्तर आहे. आपल्यासारख्या जुन्या घराण्यांनी ते विसरू नये.

पोटासाठी कोकणातून मुंबईस गेलेल्या माणसाला गिरणीत याच अनिश्चिततेचे दुसरे रूप भेटले. सूर्याची जागा भोंग्याने घेतली. विजेचे दिवे आल्यावर सूर्यास्तही कामाची मर्यादा उरला नाही. नोकरी जॉबरच्या मर्जीवर. बदली कामगाराला तर रोज पहाटे गिरणीच्या दारात उभे राहिल्यावाचून आज काम आहे की नाही हेच कळत नसे. कापसाच्या तंतूंनी छाती भरे, साच्यांच्या खडखडाटाने कान बधिर होत आणि बायकामुले गावी राहिल्याने मन दुभंगलेले असे.

या दुखण्याचे नेमके निदान नारायण मेघाजी लोखंडे यांनी केले. 1884 मध्ये पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांनी त्यांनी केलेल्या मागण्या पाहाव्यात: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सूर्यास्ताला काम बंद आणि ठरल्या मुदतीत पगार. म्हणजे मुख्यतः वेळ आणि शाश्वती! 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पुढे 1911 च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांचा दिवस बारा तासांवर, तर 1948 च्या कायद्याने कारखान्यांतील आठवडा 48 तासांवर आणला.

लोखंड्यांच्या निदानाला पुढे वैद्यकशास्त्रानेही पुष्टी दिली. लंडनच्या सरकारी नोकरांची 1967 पासून दीर्घकाळ पाहणी झाली, तेव्हा हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण मोठ्या साहेबांपेक्षा कनिष्ठ नोकरांत अधिक आढळले. आपल्या कामावर आपला अधिकार नसणे, हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या दीर्घ ताणातून येणाऱ्या थकव्याची आपल्या रोगवर्गीकरणात नोंद केली. परंतु त्यास रोग न म्हणता व्यवसायाशी निगडित अवस्था म्हटले. दोष एकट्या माणसाच्या दुबळेपणाचा नाही, हे त्यातून सूचित होते.

शेजारच्या डिचोलीने याची दुसरी बाजू पाहिली. 2012 मध्ये खाणी थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या, तोच 7 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. निसर्गाचा ऱ्हास पाहता निर्बंध आवश्यकच होते. पण कर्ज काढून ट्रक घेतलेल्याला काम नसण्याचाही ताण असतो, हे त्या वर्षांनी शिकविले.

जानेवारी 2023 पासून मोपा विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आणि पेडण्याच्या दाराशी रात्रपाळीही येऊन ठेपली. नव्या पिढीला ‘सोसायला शिका’ एवढेच सांगणे पुरेसे नाही. कुळाने जमिनीची शाश्वती मागितली, गिरणीकामगाराने रविवार मागितला. आजच्या नोकरदाराचे मागणेही त्याच कुळातले आहे. ते ऐकून घेणे, हे वडीलधाऱ्यांचे पहिले कर्तव्य ठरते.