कप्तानी : एक अमानत

पूर्णेच्या पोरांना क्रिकेट शिकवावे लागत नाही. शाळा सुटली, दप्तर भिंतीला टेकले, तीन विटा एकावर एक चढल्या की डाव सुरू. तक्रार एकाच गोष्टीची असते – कप्तान कोण? त्यांचा कायदा सोपा आहे : ज्याची बॅट, त्याची कप्तानी. बॅटवाला रुसून घरी निघाला की खेळ संपला, म्हणून सगळे त्याची मर्जी राखतात.

आम्ही त्यांना हसत होतो. पण खरे सांगायचे तर एका वर्षी आम्हीही तेच केले. शाळेच्या संघाचा कप्तान निवडताना ज्याच्या घरी किट होते, ज्याचे कपडे पांढरे होते, त्याचे नाव लिहिले. एका हमालाचा मुलगा, जो प्रत्येक चेंडूपूर्वी आपल्या जोडीदारांना हाताच्या इशाऱ्याने दोन पावले इकडे-तिकडे सरकवायचा, तो सीमारेषेवर उभा राहिला. सामना हरलो. तो मुलगा काही बोलला नाही. त्याचे ते न बोलणे आमच्या मनाला लागले, आणि त्या दिवसापासून आम्ही कप्तानांचा इतिहास वाचू लागलो.

या इतिहासाचे पहिले पान महाराष्ट्रातच आहे. मुंबईत चौरंगी सामने होत असत. युरोपियन, पारशी, हिंदू आणि 1912 पासून मुस्लिम, असे चार संघ. हिंदू संघाचा सर्वांत मोठा गोलंदाज पाळवणकर बाळू. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण ते चांभार समाजाचे. पुण्यात ज्यांच्यासाठी ते घाम गाळत, त्यांच्याच पॅव्हेलियनबाहेर त्यांना मातीच्या भांड्यात वेगळा चहा मिळे. बाळूंना हिंदू संघाची कप्तानी कधीच दिली गेली नाही. 1920 साली त्यांचे बंधू विठ्ठल यांनाही डावलले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी सरळ संघातून माघार घेतली. अखेर 1923 साली विठ्ठल कप्तान झाले आणि त्याच वर्षी हिंदू संघाने अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवले. विठ्ठलांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. मराठी वाचणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ते हाती घ्यावे असे आम्हांस वाटते. पुढच्याच वर्षी, 1924 साली, मुस्लिम संघाने प्रथमच ही स्पर्धा जिंकली, हेही सांगून ठेवतो.

विठ्ठलांच्या या कहाणीतून पहिला धडा मिळतो. कप्तान मैदानावर उतरण्याआधीच अर्धा सामना निवड करणाऱ्यांच्या हातात असतो. त्यांनी गुण सोडून जात, घराणे किंवा किट पाहिले, तर मैदानावर कितीही जोर लावा, उपयोग नाही.

पण घराणे मोठे असले म्हणजे गुण नसतोच, असेही नाही. मन्सूर अली खान पतौडी नवाब होते. जुलै 1961 मध्ये मोटार अपघातात त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. मार्च 1962 मध्ये वेस्ट इंडिजमध्ये कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागला आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी पतौडींवर भारताची धुरा आली. त्यांनी 40 कसोटींत कप्तानी केली, 9 जिंकल्या. आकडा लहान दिसेल. पण वेगवान गोलंदाज नसताना रडत बसण्यापेक्षा, जे आहे त्याचेच हत्यार करावे, हा हिशेब त्यांनी मांडला. तीन-तीन फिरकी गोलंदाज खेळवले आणि फलंदाजाभोवती चपळ क्षेत्ररक्षक उभे केले. 1968 मध्ये न्यूझीलंडमध्ये 3-1 असा विजय मिळाला. परदेशात भारताने जिंकलेली ती पहिली मालिका.

1971 साली निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी अजित वाडेकर आले. मुंबईचे, बँकेत नोकरी करणारे, कमी बोलणारे. मैदानावरची कप्तानी म्हणजे काय, हे आम्ही मुलांना त्यांच्याच दोन गोष्टींवरून सांगतो.

पहिली किंग्स्टनची. कसोटीचा पहिला दिवस पावसात गेला. भारताने 387 धावा केल्या, वेस्ट इंडिजचा डाव 217 मध्ये आटोपला. आघाडी 170 ची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनसाठी 200 ची आघाडी लागते. पण पहिला दिवस वाया गेल्याने सामना चार दिवसांचा धरला जातो आणि 150 पुरते. वाडेकरांना हा नियम ठाऊक होता. त्यांनी सोबर्सना पुन्हा फलंदाजीला बोलावले. सामना अनिर्णित राहिला, पण समोरच्या बलाढ्य संघाला कळले की हे पाहुणे हरायला आलेले नाहीत. आम्ही म्हणतो, बाळांनो, इल्म हेही क्रिकेटचेच हत्यार आहे!

दुसरी गोष्ट पोर्ट ऑफ स्पेनची. दुसऱ्या डावात वेस्ट इंडिज 1 बाद 150 पर्यंत पोचले होते. सलीम दुराणी कप्तानाजवळ गेले आणि आपल्याला चेंडू द्या, लॉइड आणि सोबर्सना मी काढतो, असे म्हणाले, ही आठवण प्रसिद्ध आहे. दुराणींचा लौकिक लहरी खेळाडूचा. दुसरा कुणी कप्तान असता तर हसून पाठ फिरवली असती. वाडेकरांनी चेंडू दिला. सोबर्स शून्यावर त्रिफळाचीत. लॉइड 15 वर बाद, आणि झेल घेणारे स्वतः वाडेकर. भारत सात गडी राखून जिंकला आणि पुढे मालिकाही. दुराणींच्या नावावर दोनच बळी आहेत, पण सामना तिथेच फिरला.

आपल्याकडे मश्विरा हा शब्द फार मानाचा आहे. सर्वांचे ऐकून मग फैसला करणे आणि फैसल्याची जबाबदारी स्वतः घेणे. वाडेकरांनी त्या दिवशी तेच केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओव्हलवर चंद्रशेखरांनी 38 धावांत 6 बळी घेतले, इंग्लंड 101 मध्ये गारद झाले आणि इंग्लंडच्या भूमीवर भारताने पहिली मालिका जिंकली. पुढे 1972-73 मध्ये तेच पतौडी वाडेकरांच्या हाताखाली साधे फलंदाज म्हणून खेळले. मोठेपण असे असते. आणि 1974 मध्ये लॉर्ड्सवर संघ 42 धावांत कोसळला, तेव्हा 1971 च्या विजेत्यावर लोक उलटले. कप्तानीचा हिसाब असा रोकडा असतो.

आता जे सांगायचे ते सांगताना जीव जड होतो. आपला मराठवाडा एके काळी हैदराबाद संस्थानात होता, म्हणून हैदराबादचा खेळाडू आम्हांला घरचा वाटतो. तिथलेच गुलाम अहमद भारताचे कप्तान झाले आणि तिथलेच मोहम्मद अझरुद्दीन. अझर यांनी 47 कसोटींत कप्तानी केली, 14 जिंकल्या. 1993 मध्ये इंग्लंडला मायदेशी 3-0 असे हरवले, तेव्हा व्यवस्थापक होते वाडेकर. मग डिसेंबर 2000 मध्ये मॅच-फिक्सिंगच्या आरोपावरून त्यांच्यावर आजन्म बंदी आली. आम्ही तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होतो. भिंतीवरचा फोटो कुणी काढला ते कळलेच नाही. दुसऱ्या दिवशी मैदानावर आम्हांला असे विचारले गेले, जणू आम्हीच काही केले होते. 2012 मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती बंदी बेकायदेशीर ठरवली. पण बारा वर्षांत एक पिढी मोठी होऊन गेली होती.

एकाच्या नावाचे ओझे साऱ्या कौमच्या पोरांवर टाकणे हा इन्साफ नव्हे. पण कप्तानाच्या हाती किती जणांचा भरोसा असतो, हेही त्याच दिवसांत आम्हांला कळले. चेंडू, क्षेत्ररक्षण, टॉस ही सगळी त्याची कामे. पण कप्तानी म्हणजे मुळात अमानत. ती बॅटवाल्याची नाही, घराण्याची नाही, कप्तानाचीसुद्धा नाही. ती अकरा जणांची असते.

यंदा संघ निवडताना आम्ही मुलांनाच विचारले, “कठीण वेळी तुम्ही कुणाकडे बघता?” पोरे थोडा वेळ गप्प राहिली. मग एकेकाने बोट दाखवले. ज्याच्याकडे बोटे वळली, त्याच्याकडे स्वतःची बॅट नव्हती. बॅट शाळेने दिली.