कन्नंबाडी आणि मुळशी : दोन धरणांच्या दोन स्मृती

बंगळूर शहराला 1974 पासून कावेरीचे पाणी मिळते. सुमारे 100 किलोमीटर अंतरावरून ते उपसून आणले जाते. या पाण्याची भिस्त ज्या कृष्णराजसागर धरणावर आहे, त्याला लोक आजही कन्नंबाडी या मूळ गावाच्या नावाने ओळखतात. इतिहासलेखनात मात्र ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्याशी इतके एकरूप झाले आहे की, त्याच्या घडणीतील अन्य घटक झाकोळून जातात.

विश्वेश्वरय्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले. मुंबई इलाख्याच्या सेवेत असताना खडकवासला धरणावर त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसविले. 1909 मध्ये ते म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले आणि 1911 मध्ये धरणाच्या कामास प्रारंभ झाला. बांधकामात सिमेंटऐवजी प्रामुख्याने चुना व सुरखी वापरण्यात आली. मंड्या भागातील सिंचनाइतकीच निकड विजेची होती. शिवनसमुद्र येथील केंद्रातून कोलारच्या सोन्याच्या खाणींना 1902 पासून वीज जात होती आणि तिच्यासाठी उन्हाळ्यातही नदीचा प्रवाह टिकणे आवश्यक होते.

मद्रास इलाख्याच्या हरकतीमुळे आरंभी सुमारे 11 टीएमसी साठ्यालाच परवानगी मिळाली. पाया मात्र 41 टीएमसीहून अधिक साठ्याच्या धरणाचा घातला गेला. 1914 चा लवाद-निवाडा म्हैसूरच्या बाजूने लागला, तरी वाद 1924 च्या करारापर्यंत चालला. धरण पूर्ण होण्यापूर्वी कितीतरी वर्षे, 1918 मध्येच, विश्वेश्वरय्यांनी दिवाणपद सोडले होते.

जुने कन्नंबाडी गाव जलाशयात बुडाले. तेथील वेणुगोपालस्वामी मंदिर पुढे नव्या जागी उभारण्यात आले. कावेरीवर बंधारा घालण्याच्या टिपू सुलतानाच्या संकल्पाची साक्ष देणारा फार्सी शिलालेख धरणाच्या परिसरात जतन केलेला आहे. विस्थापित कुटुंबांना मात्र सार्वजनिक स्मृतीत असे ठळक स्थान लाभले नाही.

याच काळातील मुळशीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी 1921 मध्ये सत्याग्रह आरंभिला आणि त्याच्या नेतृत्वामुळे पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ ठरले. मुळशीचे धरण झालेच. पण मराठी मनात ते प्रतिकाराच्या रूपाने उरले. कन्नंबाडी उरले ते निर्मात्याच्या रूपाने. एकीकडे संस्थानच्या लोककल्याणाचा दावा होता, तर दुसरीकडे खाजगी कंपनीचा लाभ. स्मृतींमधील हा भेद बहुधा तेथूनच उगम पावतो. पाण्याखाली गेलेली जमीन मात्र दोन्हीकडे शेतकऱ्यांचीच होती.