घरचे दफ्तर आणि प्रवेशाचा अधिकार : नगर जिल्ह्याच्या इतिहासाच्या आधारे एक विचार

१

लिनक्स प्रणालीवर चालणारा फाइल सर्व्हर आता सामान्य कुटुंबाच्या आटोक्यात आला आहे. एखादा जुना संगणक, दोन हार्ड डिस्क आणि विनामूल्य मिळणारी प्रणाली एवढ्या सामग्रीवर घरातील सर्वांची छायाचित्रे, हिशेब, दवाखान्याचे कागद, सातबाराचे उतारे आणि वाटणीपत्रांच्या प्रती एके ठिकाणी ठेवता येतात. असे दफ्तर घरात आले की लगेच प्रश्न उभा राहतो : कोणत्या फोल्डरात कोणी जावे, कोणी वाचावे आणि कोणी लिहावे? हा प्रश्न केवळ यंत्राचा आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः घरात ठेवलेल्या दफ्तरावरील अधिकारांचा प्रश्न महाराष्ट्रात फार जुना असून अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) तो एकदा अत्यंत तीव्र स्वरूपात प्रकट झाला होता. वाचण्याचा, लिहिण्याचा आणि जपून ठेवण्याचा अधिकार एकाच हाती एकवटला म्हणजे काय होते, आणि ते अधिकार वेगळे केल्याने काय साधते, हे त्या इतिहासावरून दाखविण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट होईल. 'दफ्तर' हा शब्द मराठीत फारसीतून आला; त्याचे मूळ ग्रीक 'दिफ्थेरा', म्हणजे कमावलेले कातडे, ह्या शब्दापर्यंत जाते. ज्यावर लिहावयाचे ती वस्तू, मग लिहिलेल्या कागदांचा संग्रह, मग तो संग्रह ठेवण्याची जागा, असा त्याचा अर्थविस्तार झाला. 'परवानगी' हा शब्दही फारसी असून तो 'परवाना' ह्या शब्दाशी संबद्ध आहे. परवाना हा माणसाच्या हातात असतो. तो दाखवून माणूस आत जातो. लिनक्समधील ज्या योजनेला आपण मराठीत 'परवानगी' म्हणतो ती मात्र माणसाच्या हाती नसते. ती फाइलीवर किंवा फोल्डरावर नोंदलेली असते, आणि येणारा कोण हे पाहून प्रणाली त्या नोंदीप्रमाणे निर्णय देते. म्हणून तेथे 'अधिकार' हा शब्द अधिक नेमका ठरतो. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे 'मुलाला परवानगी दिली' असे म्हणणारा गृहस्थ कोणत्या फोल्डरावर कोणती नोंद केली हेच विसरतो.

३

पेशवाईत गावचा जमाखर्च कुलकर्णी लिहीत असे आणि ते दफ्तर बहुधा त्याच्याच घरी, रुमालात बांधलेले असे. म्हणजे अभिलेख गावाचा, परंतु घर कुलकर्ण्याचे, अशी स्थिती होती. ह्या व्यवस्थेत दोष पुष्कळ होते. तथापि महत्त्वाच्या कागदावर एकट्याचा अंमल चालू नये अशी काही तजवीजही तीत होती. वतनाच्या तंट्याचा निवाडा गोतसभेत होई आणि त्याचा महजर तयार होई. त्यावर पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी आणि बलुतेदारांच्या आपापल्या निशाण्या उठत. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासमोरही मजकूर उघडपणे ठरत असल्यामुळे लिहिणारा एक आणि साक्षी अनेक, असा बंदोबस्त आपोआप होत असे. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने नष्ट झाली व काम तलाठ्यांकडे गेले. पण लिहिणारा आणि मान्य करणारा वेगळा असावा हे तत्त्व टिकले : आजही फेरफाराची नोंद तलाठी घेतो आणि ती प्रमाणित करतो मंडळ अधिकारी.

४

सावकाराच्या घरच्या दफ्तरात ह्यातील कोणतीच तजवीज नव्हती. कर्जखत लिहिणारा सावकार किंवा त्याचा माणूस, वाचणारा तोच, पेटीत ठेवणाराही तोच. रयतेकडे फक्त निशाणी करण्याचे काम असे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताचे आयुष्य तीन वर्षांचे ठरविले. रयतेचे हित साधावे हा त्याचा उद्देश होता. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेण्याचा प्रघात पडला. जुने खत परत मिळाले की नाही, दिलेली रक्कम जमा झाली की नाही, हे पाहण्याचे साधन कुळाजवळ नव्हते. त्यात अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपून कापसाचे भाव उतरले, आणि १८६७ पासून सरकारी साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडीच्या सुपे गावी (पारनेर तालुक्यातील सुपे नव्हे) उठाव झाला आणि तो लवकरच नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत ह्या तालुक्यांत पसरला. तीसहून अधिक गावे त्याच्या कक्षेत आली आणि ९५१ माणसांना अटक झाली. ह्या दंग्याचे स्वरूप विचार करण्याजोगे आहे. जमावाचे लक्ष मुख्यत्वे सावकाराच्या जिवाकडे नव्हते. ते त्याच्या कागदांवर होते. खते व हुकूमनामे निमूटपणे हवाली केल्यास जमाव बहुधा पुढे काही करीत नसे. नकार मिळाल्यास बळाचा प्रयोग होई. हाती आलेले कागद जाळले जात. ज्या दफ्तरात आपल्याला प्रवेश नाही, ज्यात आपल्याविषयी लिहिलेले आपल्याला वाचता येत नाही, त्याचे काय करावयाचे, ह्या प्रश्नाला रयतेने दिलेले ते उत्तर होते. ते न्याय्य होते असे नव्हे, कारण कागदांबरोबर खरा हिशेबही जळाला. पण दुसरा मार्ग त्यांच्यासमोर नव्हता, हे नाकारता येत नाही.

५

१८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याच्या न्यायालयीन भागाची चर्चा पुष्कळ झाली आहे; अभिलेखविषयक भागाकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. शेतकऱ्याचे खत ग्राम-निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिले जावे. त्याची नोंद निबंधकाच्या पुस्तकात व्हावी. मूळ खत ज्याचे त्याला मिळावे आणि दुसऱ्या पक्षाला प्रमाणित नक्कल मिळावी, असे ठरले. शिवाय रकमेची पावती, वर्षाचा हिशेब आणि खातेपुस्तिका मागण्याचा हक्क कुळाला मिळाला. ह्या कायद्याने सावकाराची पेटी उघडी टाकली नाही. त्याने अधिकारांची फोड केली. लिहिणे एकाकडे, जपणे दुसऱ्याकडे, आणि वाचणे दोघांकडे. कायद्याचा अंमल सर्वत्र सारखा झाला नाही आणि पळवाटाही निघाल्या. परंतु तत्त्व स्पष्ट झाले होते.

६

संगणकाच्या क्षेत्रात हीच फोड निराळ्या गरजेतून झाली. १९६० नंतरच्या दशकात एका यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत अमेरिकेत रूढ होऊ लागली, तेव्हा एकाची फाइल दुसऱ्यापासून राखणे भाग पडले. केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून युनिक्स रचली. नोव्हेंबर १९७१ च्या तिच्या पहिल्या पुस्तिकेत फाइलीचा मालक आणि इतर एवढेच दोन वर्ग आढळतात. 'गट' हा तिसरा वर्ग नंतर आला. मालक, गट व इतर हे तीन वर्ग, आणि प्रत्येकास वाचणे, लिहिणे व चालविणे हे तीन अधिकार, ही रचना लिनुस तूर्व्हाल्ड्स यांच्या १९९१ च्या लिनक्सने जशीच्या तशी स्वीकारली. वाचण्यास ४, लिहिण्यास २ आणि चालविण्यास १ असे अंक मानून त्यांची बेरीज मांडतात. ७५० म्हणजे मालकास सर्व अधिकार, गटास वाचणे व आत जाणे, इतरांस काहीही नाही.

फोल्डराच्या बाबतीत ह्या अधिकारांचा अर्थ बदलतो, आणि गोंधळ बहुतेक तेथेच होतो. फोल्डर वाचणे म्हणजे आतील नावांची यादी पाहणे. त्यात लिहिणे म्हणजे नवी फाइल घालणे अथवा असलेली काढून टाकणे. आणि 'चालविणे' म्हणजे त्यातून आत जाणे. हा तिसरा अधिकार मराठी माणसास वहिवाटीच्या उदाहरणाने सहज समजावा. शेजाऱ्याच्या बांधावरून जाण्याचा हक्क असला म्हणजे त्याच्या पिकावर हक्क येत नाही. तो हक्क काढून घेतला तर मात्र पलीकडच्या स्वतःच्या शेतातही पोहोचता येत नाही. तसेच, फाइल पुसण्याचा अधिकार त्या फाइलीवर नसून ती ज्या फोल्डरात आहे त्यावर असतो. फाइल केवळ वाचनासाठी ठेवली म्हणून ती सुरक्षित झाली, असे समजणे चुकीचे आहे.

७

घरच्या सर्व्हरवर हे सर्व लावताना क्रम पाळावा. प्रत्येक व्यक्तीचे वेगळे खाते असावे. एकच सांकेतिक शब्द सर्वांनी वापरला की मालक, गट व इतर हा भेदच नाहीसा होतो. खासगी फोल्डरास ७०० द्यावे. येथे प्रणालीच्या मूळ मांडणीवर विसंबू नये : लोकप्रिय उबुंटू प्रणालीत एप्रिल २०२१ पूर्वी नव्या खात्याचे फोल्डर इतर खात्यांना वाचण्यास खुले असे, २१.०४ ह्या आवृत्तीपासून ते ७५० झाले. सामाईक कागदांसाठी घरचा गट करून फोल्डर २७७० ठेवावे. आरंभीच्या २ मुळे आत तयार होणारी फाइल लिहिणाऱ्याच्या गटाची न होता घरच्या गटाची होते. एखाद्यास वाचण्यापुरताच प्रवेश द्यावयाचा असेल तर तीन वर्ग अपुरे पडतात. त्यासाठी नावनिशीवार अधिकारसूची जोडता येते.

विंडोज संगणकांना हे फोल्डर दाखविण्याचे काम सांबा हा कार्यक्रम करतो. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी त्याचा आरंभ १९९२ च्या सुमारास केला. सांबातही कोणास आत घ्यावे हे लिहिता येते. पण तो वाड्याच्या दिंडी दरवाज्यावरचा पहारा आहे. परसदाराने, म्हणजे सर्व्हरवर थेट खाते उघडून, येणाऱ्यास तो अडवीत नाही. खोलीचे कुलूप फोल्डरावरच असावे लागते.

८

ह्या सर्व बंदोबस्तास एक अपवाद आहे. 'रूट' नावाचे खाते कोणत्याही फोल्डरात जाऊ शकते, काहीही वाचू व पुसू शकते. घरात हे खाते ज्याने सर्व्हर उभारला त्याच्याकडे, म्हणजे बहुधा संगणक जाणणाऱ्या मुलाकडे किंवा भावाकडे असते. त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्याचे स्थान १८७५ च्या पेटीवाल्याचे आहे. वडिलार्जित जमिनीत मुलींचा जन्मसिद्ध हिस्सा महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मान्य केला. ज्या कुटुंबात वाटणीचे किंवा हक्कसोडीचे कागद अशा सर्व्हरवर असतील तेथे सासरी गेलेल्या बहिणीचे खाते बंद करणे हे एका आज्ञेचे काम आहे, आणि त्याचा आवाजही होत नाही.

रूटला परवानगीच्या अंकांनी बांधता येत नाही. त्यावर उपाय एकच : १८७९ च्या कायद्याने सुचविलेला. ज्याच्याविषयी कागद आहे त्याच्याजवळ त्याची नक्कल असावी. आणि ज्या कागदाशी दुसऱ्याचा संबंध नाही तो मालकाने स्वतःच्या किल्लीने कूटबद्ध करूनच सर्व्हरवर ठेवावा.

१८७५ साली ज्या पारनेर तालुक्यात खते जाळली गेली, त्याच तालुक्यातील राळेगणसिद्धी येथून पुढे सव्वाशे वर्षांनी सरकारी कागद वाचण्याच्या हक्काची चळवळ चालली. महाराष्ट्राच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यास ऑगस्ट २००३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि देशासाठी तसाच कायदा २००५ साली झाला. त्या कायद्यांतही खासगी माहितीसाठी अपवाद आहेत. दफ्तर सर्वांस खुले करणे आणि सर्वांस बंद करणे ह्या दोन्ही गोष्टी सोप्या आहेत. कोणता कागद कोणास वाचता यावा, कोणास लिहिता यावा आणि कोणास केवळ त्यावरून पुढे जाता यावे, हे एकेक करून ठरविणे कष्टाचे आहे. घरातील सर्वांनी एकत्र बसून ते ठरवावे आणि ठरलेले लिहून प्रत्येकास द्यावे. गोतसभेचा महजर ह्याहून निराळा नव्हता.