डॉक्टर, मिस्त्री आणि मोटार

अमेरिकेंत आज चाकांवरचें घर घेऊन हिंडणारीं कुटुंबें पुष्कळ आढळतात. निजावयास बिछाना, रांधावयास चूल, पिण्यास पाणी, सारें गाडींतच असतें. आणि गाडी वाटेंत अडून बसलीच तर टेलिफोनवर चार शब्द बोलतांच दुरुस्ती करणारा माणूस धांवून येतो. ह्या प्रवासाचा पूर्वज शोधावयाचा तर १९०३ सालापर्यंत मागें जावें लागतें. त्या वेळीं धांवून येणारा माणूस नव्हता. तो गाडींतच बसवून न्यावा लागे.

त्या वर्षीच्या मे महिन्यांत होरेशो नेल्सन जॅक्सन नांवाचा ३१ वर्षांचा डॉक्टर सॅन फ्रॅन्सिस्को येथील युनिव्हर्सिटी क्लबांत बसला होता. मोटार हें श्रीमंतांचें खेळणें आहे, तिच्यानें अमेरिका खंड ९० दिवसांत ओलांडणें कालत्रयीं व्हावयाचें नाहीं, असें बोलणें निघालें. डॉक्टरानें तेथल्या तेथें ५० डॉलरांची पैज घेतली. मौज अशी कीं, त्याच्यापाशीं स्वतःची मोटार नव्हती, आणि यंत्राचें ज्ञान म्हणाल तर नसल्यासारखेंच होतें. मात्र त्यानें एक गोष्ट मोठ्या शहाणपणाची केली. स्यूअल क्रॉकर नांवाचा एक तरुण मिस्त्री सोबतीस घेतला.

गाडी घेतली ती क्लीव्हलँडच्या विंटन कारखान्याची, दोन सिलिंडरांची, २० अश्वशक्तीची आणि अगोदर वापरलेली. तिला छप्पर नव्हतें, पुढें कांच नव्हती. इंजिनाची शक्ति चाकाकडे साखळीनें जाई. डॉक्टरानें आपल्या प्रांतावरून तिचें नांव ‘व्हर्माँट’ ठेविलें. अंथरुणाच्या पिशव्या, घोंगड्या, स्वयंपाकाचीं भांडीं, कुऱ्हाड, फावडें, बंदुका, हत्यारें, पेट्रोलाचे डबे, दोरखंड आणि कप्प्या एवढा संसार तिच्यावर लादून ता. २३ मे रोजीं दोघे निघाले. पंधरा मैल होतात न होतात तोंच एक टायर फुटला.

सरळ पूर्वेकडे नेव्हाडाच्या वाळवंटांतून जाण्याचा मार्ग जवळचा होता. परंतु कारखान्याचा मालक अलेक्झांडर विंटन हाच १९०१ सालीं त्या वाळूंत रुतून परत फिरला होता. म्हणून ह्यांनीं उत्तरेस ऑरेगॉनकडे वळसा घेतला. शहरांबाहेर पक्के रस्ते जवळजवळ नव्हतेच. डोंगरांतल्या गाडीवाटेनें मोटार इतकी खडखडत चाले कीं, स्वयंपाकाचीं भांडीं एकेक करून पडून गेलीं तरी त्या आवाजांत दोघांना पत्ता लागला नाहीं. त्यांतच वाटेंत भेटलेल्या एका बाईनें चुकीचा रस्ता दाखवून १०८ मैलांचा फेरा पाडला. कारण काय, तर तिच्या घरच्या माणसांना मोटार पाहावयास मिळावी! बाईनें लबाडी केली खरी. पण त्या भागांत मोटार ही केवढी अपूर्वाई होती हेंहि ध्यानांत घेतलें पाहिजे.

टायर एकामागून एक फाटत गेले. नवे मिळण्याची सोय नव्हती, तेव्हां चाकांना दोरखंड गुंडाळून गाडी पुढें ढकलली. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धांव असते, तशी ही दोराची धांव म्हणावयाची. अल्टुरास गांवीं तारेनें मागविलेल्या टायरांची तीन दिवस वाट पाहिली. ते आले नाहींत, म्हणून तसेच निघाले. ता. ६ जून रोजीं ऑरेगॉनमध्यें गाडी अगदींच बंद पडली आणि एका गुराख्यानें घोड्याला बांधून ती जवळच्या वाडीवर ओढून नेली. घोड्याच्या शेपटीमागें मोटार चाललेली पाहून तेथील लोकांना काय वाटलें असेल, ह्याची कल्पना कोणीहि करावी. क्रॉकरनें ती दुरुस्त केली तों पेट्रोल गळून गेल्याचें आढळलें. तेव्हां भाड्याची सायकल घेऊन तो २५ मैलांवरील बर्न्स गांवीं इंधन आणावयास गेला. वाटेंत त्या सायकलचाहि टायर बसला. चार गॅलन पेट्रोलास त्याला सुमारें २० डॉलर मोजावे लागले.

आयडाहोमध्यें बड नांवाचा एक कुत्रा पंधरा डॉलरांना विकत घेतला. धुळीनें त्याचे डोळे सुजूं लागले, म्हणून त्यालाहि मोटारवाल्याचा चष्मा चढविण्यांत आला. पुढें डॉक्टराचा कोट, त्यांतील बहुतेक सर्व पैशांसह, रस्त्यांत पडून नाहींसा झाला आणि पत्नीकडे तार करून पैसे मागविण्याची पाळी आली. वायोमिंगच्या ओसाड मुलखांत वाट चुकून ३६ तास अन्न मिळालें नाहीं. शेवटीं एका धनगरानें भाजलेलें कोंकरू आणि उकडलेला मका घालून प्राण वांचविले.

ह्या साऱ्या हकीकतींत बारकाईनें पाहण्याजोगी गोष्ट एक आहे. शायेनला पोहोंचण्यापूर्वीं चाकांचीं बेअरिंगें निकामी झालीं. बेअरिंग म्हणजे आंस आणि चाक ह्यांमधील फिरता आधार. तो गेला म्हणजे धातूवर धातु घांसली जाते, चाक तापतें आणि अखेरीस अडकतें. जवळपास मोटारीचें दुकान असणें शक्यच नव्हतें. परंतु बेअरिंग मोटारींतच असतें असें थोडेंच आहे? जेथें कांहीं फिरतें तेथें तें असावयाचेंच. क्रॉकरनें एका शेतकऱ्याचें गवत कापण्याचें यंत्र पाहिलें, त्यांतलीं बेअरिंगें काढून देण्याविषयीं त्याचें मन वळविलें, आणि तीं मोटारीच्या चाकांत बसवून दिलीं. जें यंत्र पुढ्यांत नाहीं त्याची उणीव पुढ्यांतल्या यंत्रांतून भरून काढावयाची, ही बुद्धि कारखान्याच्या माहितीपत्रकांत छापलेली नसते.

तरीहि बुद्धीला मर्यादा असतेच. इंजिनाच्या दट्ट्याचा दांडा तुटला तेव्हां क्लीव्हलँडहून रेल्वेनें नवा येईपर्यंत कित्येक दिवस स्वस्थ बसण्यावांचून गति नव्हती. जिला जिंकावयाचें त्या रेल्वेवरच मोटारीची मदार होती, असें म्हटलें तरी चालेल.

ता. १२ जुलै रोजीं ओमाहा आलें आणि पुढचा रस्ता बराच बरा लागला. बफेलोच्या पुढें एका न दिसलेल्या अडथळ्यावर गाडी आदळून तिघेहि, म्हणजे कुत्रा धरून, बाहेर फेंकले गेले. पण इजा झाली नाहीं. ता. २६ जुलै रोजीं पहांटे साडेचारच्या सुमारास ‘व्हर्माँट’ न्यूयॉर्कमध्यें शिरली. प्रवासास ६३ दिवस, १२ तास आणि ३० मिनिटें लागलीं. ८०० गॅलनांहून अधिक पेट्रोल जळलें. पॅकर्ड आणि ओल्डस्मोबील ह्या मोटारीहि त्याच उन्हाळ्यांत निघाल्या होत्या, पण त्या मागून पोहोंचल्या. ह्यांनीं गाडी चोरून आगगाडींत चढविली असली पाहिजे, अशी कुजबूज उठली. तें सिद्ध करील त्यास हजारों डॉलरांचें बक्षीस जाहीर झालें. तें मागावयास कोणी आला नाहीं.

कीर्ति डॉक्टराला मिळाली. पैसा त्याचा, पैज त्याची आणि हिंमतहि त्याची, तेव्हां त्यांत अन्याय झाला असें सरसकट म्हणतां येणार नाहीं. परंतु ज्याच्या हातांवांचून ती मोटार ऑरेगॉनांतच गंजत पडली असती, त्या क्रॉकरचें नांव आज किती जणांना ठाऊक आहे? जॅक्सन १९५५ पर्यंत जगला. १९४४ सालीं त्यानें आपली मोटार वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेस दिली आणि ती तेथें जपून ठेविलेली आहे. क्रॉकर मात्र १९१३ सालींच वारला. तेव्हां त्यानें तिशी नुकतीच ओलांडली होती.

डॉक्टराच्या घरीं जाण्याची हकीकत सांगावयाची राहिली. न्यूयॉर्कहून तो पत्नीसह व्हर्माँटला निघाला. घर सुमारें पंधरा मैल उरलें असतां गाडी पुन्हां बंद पडली. त्याचे दोघे भाऊ मदतीस आपापल्या मोटारी घेऊन आले, तर त्याहि दोन्ही बंद पडल्या! शेवटीं ‘व्हर्माँट’च दुरुस्त झाली आणि तिनें त्या दोघींना ओढीत घराकडे नेलें. दाराशीं पोहोंचतांच तिची साखळी तुटली. साऱ्या प्रवासांत जे थोडे भाग एकदांहि बदलावे लागले नव्हते, त्यांतलीच ती एक होती.