दोन दरबारांचा वकील

गोदातीरावरील गंगाखेड हें संत जनाबाईंचें गांव. परभणी जिल्ह्यांतील या गांवाचें मन आषाढ लागतांच पंढरपुराकडे धांवूं लागतें. विठ्ठलाच्या दारीं कोणी कोणास परका नाहीं, ही वारकऱ्यांची श्रद्धा. अशा क्षेत्रीं, आषाढीच्या यात्रेस आलेल्या एका विद्वान् ब्राह्मणाचा देवदर्शनाहून परततांना खून व्हावा, आणि त्या रक्ताचा डाग पुढें साऱ्या पेशवाईवर पसरावा, ही घटना विसरण्याजोगी नाहीं. तो दिवस २० जुलै १८१५, आषाढ शुद्ध चतुर्दशी. आणि तो पुरुष गंगाधरशास्त्री पटवर्धन.

शास्त्री पेशव्यांच्या मुलखांतले; पण त्यांचें दैव उघडलें तें बडोद्यास. तेथील इंग्रज रेसिडेंट मेजर वॉकर यांच्या हाताखालीं ते प्रथम चढले, आणि १८१३ मध्यें गायकवाडांचे मुतालिक झाले. जन्माचें नातें एका राज्याशीं, चाकरीचें दुसऱ्याशीं आणि उत्कर्षाचें तिसऱ्याशीं, असा हा तिपेडी दोर होता. पुण्याचे रेसिडेंट एल्फिन्स्टन यांनीं त्यांचें मोठें मार्मिक वर्णन करून ठेविलें आहे. एवढा पंडित, पण चालणें-बोलणें झपाट्याचें, साहेबी थाटाचें. संभाषणांत इंग्रजी शब्दांची पेरणी चाले, आणि पेशव्यांच्या मुत्सद्द्यांविषयीं आदर तर औषधालाहि नसे.

१८१४ मध्यें शास्त्री पुण्यास आले ते गायकवाडांचे वकील म्हणून. पेशव्यांचें गायकवाडांकडील जुनें येणें आणि अहमदाबादेचा इजारा, हे वादाचे विषय होते. शास्त्र्यांच्या जीवितास इंग्रजांनीं हमी दिली होती. पुण्यांत त्यांचे वैरीहि होतेच. बडोद्याच्या कारभारांतून दूर झालेल्या सीताराम रावजीच्या पक्षाचे लोक त्यांच्याविरुद्ध पेशव्यांचे कान भरीत होते. अखेर इजारा गायकवाडांकडून गेला, तो त्रिंबकजी डेंगळे यांच्या हातीं. त्रिंबकजी हे जासुदाच्या चाकरींतून वर आलेले. माणसाचें मन कोठें मऊ आहे हें त्यांना अचूक कळे. तडजोड दिसेना, तेव्हां एल्फिन्स्टन यांनीं शास्त्र्यांना बडोद्यास परत जाण्याचा सल्ला दिला. नेमक्या त्याच वेळीं दरबारचा नूर पालटला. कालचा शत्रु आज सोयरा होऊं लागला. बाजीरावांनीं शास्त्र्यांना आपल्या पदरीं कारभारीपण देऊं केलें, आणि स्वतःची मेहुणी शास्त्र्यांच्या मुलास देण्याचें ठरविलें.

हा मोह होता कीं मसलत होती? शास्त्री भुलले होते, कीं भुलल्याचें दाखवीत होते? ज्या घरांत वकिलाचें जेवण आणि राज्याचा व्यवहार एकाच पाटावर होतो, तेथें हा प्रश्न त्या माणसाला स्वतःलाहि सोडवितां येत नसेल. शास्त्र्यांनीं सात लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख देऊन जुनें येणें फेडण्याची योजना पुढें केली. दरबार नाशिकास गेला, तेथें लग्नाची तयारी सुरू झाली; पण फत्तेसिंगराव गायकवाडांची संमति कांहीं येईना. धन्याचा होकार नसतां पेशव्यांशीं शरीरसंबंध जोडणें शास्त्र्यांना धोक्याचें वाटलें, आणि त्यांनीं लग्न थांबविलें. त्यांतच आपल्या पत्नीस पेशव्यांच्या वाड्यांत पाठविण्यासहि त्यांनीं नकार दिला. त्या वाड्याचा लौकिक चांगला नव्हता. मुलखाचा नकार बाजीरावांनीं कदाचित् गिळला असता. घरच्या नकाराचा घाव खोल गेला.

तरीहि वरकरणी स्नेह अभंग होता. त्रिंबकजींच्या आग्रहावरून शास्त्री थोडी माणसें घेऊन पंढरपुरास गेले. त्या संध्याकाळीं त्यांची प्रकृति बरी नव्हती; पण देवळांत येण्याविषयीं निरोपावर निरोप आले, म्हणून ते उठले. दर्शन झालें, त्रिंबकजींशीं बोलणें झालें, आणि परतीच्या वाटेवर मारेकऱ्यांनीं त्यांना मागून गांठून तोडलें. एल्फिन्स्टन तेव्हां वेरूळचीं लेणीं पाहण्यास गेले होते. ही वार्ता त्यांना तेथें कळली.

इंग्रजांची हमी मोडली होती. त्रिंबकजींना सप्टेंबर १८१५ मध्यें इंग्रजांच्या स्वाधीन करावें लागलें, आणि ते ठाण्याच्या किल्ल्यांत बंदिवान झाले. तेथला पहारा गोऱ्या शिपायांचा. त्यांना मराठी उमगत नसे. सांगतात कीं, एका मोतद्दारानें घोड्याला खरारा करतां करतां गाण्याच्या मिषानें खिडकीखालून पळण्याचा सारा बेत त्रिंबकजींना ऐकविला. सप्टेंबर १८१६ मध्यें ते निसटले. पुढें १३ जून १८१७ चा तह पेशव्यांच्या गळीं उतरविण्यांत आला, आणि १८१८ मध्यें पेशवाई संपली. त्रिंबकजी पुन्हां पकडले गेले, चुनारच्या किल्ल्यांत राहिले आणि १८२९ मध्यें वारले. खुनांत खुद्द बाजीरावांचें अंग किती, यावर इतिहासकारांत आजहि एकमत नाहीं.

शास्त्र्यांना कोणी फितूर म्हणावें, कोणी स्वामिनिष्ठ. दोन्ही निवाडे अपुरे आहेत. तिन्ही धन्यांनीं त्यांच्यावर विश्वास टाकला, तो त्यांची ओळख इतर दोघांशीं होती म्हणूनच. आणि तिघांनीं संशय घेतला असेल तोहि त्याच कारणासाठीं. पत्नीला जेथें पाठविणें त्यांना योग्य वाटलें नाहीं, त्या घरच्या बोलावण्यावर ते स्वतः मात्र विश्वासले. सोयरिकीनें राज्यें सांधतां येतील, असें त्या काळाला वाटत असे. पंढरपुरच्या वाटेवर त्या रात्रीं तुटला तो एका माणसाचा देह, आणि त्याबरोबर तो भरंवसाहि.