कायदा, कवायत आणि संगणक

मराठीतील ‘कवायत’ हा शब्द अरबी मूळ असलेल्या ‘कायदा’ या शब्दाच्या अनेकवचनातून आला. उर्दूत त्याच अनेकवचनाचा एक अर्थ ‘व्याकरण’ असाही होतो. तबल्यातील कायदा या रचनाप्रकाराला खरोखरच व्याकरण असते काय, हा प्रश्न १९८०च्या दशकात संगणकापुढे ठेवला गेला. तो इतिहास साहित्याच्या अभ्यासकांना परका वाटू नये.

ब्रिटिश संगीत-मानवशास्त्रज्ञ जेम्स किपन हे लखनौ घराण्याचे खलिफा उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. फ्रेंच संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल यांनी त्यांच्यासाठी ‘बोल प्रोसेसर’ ही संगणकप्रणाली ॲपल टू जातीच्या संगणकावर तयार केली. त्या यंत्रातून ठेका वाजत नसे. उमटत त्या बोलांच्या ओळी. कायद्याचे मुख आणि अभ्यासकाने बांधलेले नियम दिले, की यंत्र नवे पलटे रची. ते जाणकारापुढे ठेवायचे. त्याने नाकारले, तर नियम दुरुस्त करून पुन्हा रचना मागायची. यामागे आधार होता चॉम्स्कीप्रणीत रूपनिष्ठ व्याकरणाचा.

वरवर पाहता पलट्याचे नियम सोपे: मुखातलेच बोल घ्यावेत, खालीच्या भागात डग्ग्याचा घुमारा काढून घ्यावा, ओळीचा शेवट मुखाशी यमक साधीत यावा. हे सारे पाळूनही पलटा बेढब होऊ शकतो. उस्तादाला ते ऐकताक्षणी कळते. कारण शब्दांत सांगता येईलच, असे नाही. (वृत्त निर्दोष असूनही ओळ निर्जीव का वाटते, हे वर्गात समजावताना शिक्षकाची होते तीच ही पंचाईत.) म्हणूनच यंत्राने काय रचले यापेक्षा त्याच्या चुकांनी गुरूला काय बोलायला लावले, हे मला अधिक मोलाचे वाटते. पुढे बेल यांनी उदाहरणे आणि प्रश्नोत्तरे यांवरून स्वतःच व्याकरण अनुमानणारी प्रणाली लिहिली. तिचे नाव ‘कवाइद’!

किपन यांचा लखनौच्या तबल्यावरील ग्रंथ १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. २००२ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात अजय कपूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बोटांचे आघात मिडी-संकेतांत बदलणारा इलेक्ट्रॉनिक तबला घडवला, आणि मंचावरच्या वादनाला वेगळी वाट मिळाली. रियाजासाठी आता मोबाइलमधला लेहरा तासन्तास त्याच लयीत वाजतो. सम चुकली, तर वादकाच्या ते लगेच ध्यानात येते. पलटा बेढब झाला, तर लेहरा काहीच बोलत नाही. बोल प्रोसेसरची नवी आवृत्ती मात्र आज मुक्तस्रोत आहे. आपल्या घराण्याच्या कायद्याचे व्याकरण लिहून पाहू इच्छिणाऱ्याला ती आपल्या संगणकावर उतरवून घेता येते.